कापगते मास्तरांचं कापणं

आमच्या सेक्टरातल्या बाजाराचं उद्घाटन झालं त्या दिवशीची गोष्ट. दोन बांबूंना लाल फीत बांधलेली होती. मोठ्या साहेबांनी ताटातली कात्री उचलली, फीत कापली, टाळ्या झाल्या आणि लोक आत शिरू लागले. आमचे शेजारी कापगते मास्तर तेवढे मागे राहिले. ते खाली वाकून फितीखालची जमीन निरखत होते. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याचं काही पडलं असेल. त्यांनी थांबून विचारलं, "क्या गिर गया?"

"कुछ नहीं गिरा, साहब," मास्तर सरळ होत म्हणाले. "वही तो देख रहा था. कुछ गिरा नहीं, मतलब कटा नहीं. ये कतरा गया है."

साहेब हसले आणि पुढे निघून गेले. त्यांना गाडी होती. मला मास्तरांबरोबर पायी घरी यायचं होतं, त्यामुळे उरलेलं सगळं मला ऐकावं लागलं.

"दाणी बाबू, कापणं कशाले म्हनावं? कीस पडला पाहिजे. लेथवर लोखंड चढवलं, हत्यार लावलं, कीस निंगाला, तं कापलं. करवतीनं भुसा पडला, तं कापलं. कात्रीनं काय पडते? दोन तुकडे होतात. ते दोन तुकडे पुन्हा जोडून पाहा, फीत होती तेवढीच भरते. मंग कापलं काय?"

"पण मास्तर, सगळे लोक फीत कापली असंच म्हणतात."

"लोकाईचं काय आहे. लोक तं म्हनतात सूर्य बुडाला."

मास्तर प्लांटच्या ट्रेनिंग विभागात शिकवायचे. नव्यानं भरती झालेल्या पोरांना लेथ, ड्रिल, शेपर ही यंत्रं चालवायला शिकवणं हे त्यांचं काम. मी स्टोअरमध्ये कारकून. आमचे क्वार्टर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. तेव्हा भिलाई अजून उभं राहत होतं. एकीकडे धुराडी चढत होती, दुसरीकडे रस्त्यांवर लाल मुरूम पडत होता, आणि सगळे क्वार्टर इतके सारखे दिसायचे की ड्युटीवरून थकून आलेला माणूस दुसऱ्याच्या घरात शिरून चपला काढून बसायचा. सगळ्या देशातून लोक आले होते. प्रत्येकाला वाटायचं, पोलाद आपल्याच खात्यात बनतं. भट्टीवाले म्हणत आम्ही वितळवतो. रोलिंग मिलवाले म्हणत आम्ही लाटतो. मास्तरांचं दुःख एकच होतं.

"पाहुने येतात तं त्यायले भट्टी दाखवतात. लाल लोखंड वाहते, सारे तोंड उघडं टाकून पाहातात. मशीन शॉपमंदी कोनाले आनत नाहीत. अरे, वितळलेलं लोखंड नुसतं पाहाले चांगलं. त्याचा बोल्ट कोन करीन?"

आडनाव कापगते असलेल्या माणसानं कापण्यावर इतका जीव लावावा, यावरून कॉलनीत चेष्टा व्हायचीच. मास्तरांना ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. "आडनावाचा काई संबंध नाही," ते शांतपणे सांगायचे. "आमच्या साकोलीकडे पोतंभर कापगते भेटतीन. त्यायनं धानाशिवाय काई कापलं नाही." मग जरा थांबून स्वतःलाच दुरुस्त करायचे, "आन् धान बी कापत नसते. विळ्यानं छाटते."

पहिल्या तासाला ते पोरांपुढे डब्यातला कणकेचा गोळा ठेवायचे. मी एकदा त्यांच्या वर्गात हत्यारांची मोजदाद करायला गेलो होतो, तेव्हा हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. मास्तरांनी गोळा तळहातावर दाबून चपटा केला. "कनिक कमी झाली?" पोरं म्हणाली, नाही. त्याची लांब दोरी वळली. "आता झाली?" नाही. दोन तुकडे करून पुन्हा एकमेकांना चिकटवले. "आता?" नाही. मग खिशातून एक पातळ पत्रा काढून त्यांनी गोळ्याच्या अंगावरून तासला. कणकेची एक सुरळी टेबलावर पडली. मास्तरांनी ती चिमटीत धरून प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवली.

"हे पाहा. ओतण्यात, ठोकण्यात, लाटण्यात, जोडण्यात लोखंड जेवढं होतं तेवढंच राहाते, नुसतं रूप बदलते. कापण्यात नाही. कापण्यात जे नको ते काढून टाकतो आन् जे पाहिजे ते उरते. म्हनून कापणारा मानूस सगळ्यात सावध पाहिजे. ठोकणाऱ्याचं चुकलं तं पुन्हा तापवते. ओतणाऱ्याचं चुकलं तं पुन्हा वितळवते. तुमी जास्ती कापलं तं काय करान?"

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "वेल्डरला बोलवू, सर." वर्ग हसला. मास्तरही हसले, पण त्या दिवसानंतर तो पोरगा सबंध कोर्सभर पहिल्या बाकावर बसला.

मास्तरांच्या सिद्धांताचा खरा त्रास झाला तो आमच्या घराला. पहिल्या दिवाळीत माझी बायको मालती आणि मास्तरांच्या गिरजाबाई मिळून फराळ करत होत्या. मास्तर स्टूल ओढून दारात बसले.

"वैनी, हे काय करून राहिल्या?"

"चकल्या पाडतेय."

"दाबून साच्यातून काढून राहिल्या. ते अलग काम आहे. आन् हे?"

"शंकरपाळे कापतेय, मास्तर," मालती म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली. पण तीर सुटला होता. शंकरपाळे हे कापणं नसून कातरणं आहे, पोळी ही रोलिंग मिल आहे, भाकरी ही हातानं ठोकून घडवलेली वस्तू आहे आणि पलीकडचे मद्रासी शेजारी पाठवतात ती इडली म्हणजे साच्यात ओतलेला माल, हे सगळं तिला ऐकावं लागलं. तेवढ्यात कढईत एक करंजी उघडली आणि सारण तेलभर झालं. मास्तर म्हणाले, "करंजी मंजे जोडकाम. कडा उघडली, तं वेल्डर कच्चा."

मालतीनं झारा खाली ठेवला. त्या वर्षी मास्तरांच्या ताटात करंजी गेली नाही.

"यायच्या डोक्शात कीसच भरला आहे," गिरजाबाई म्हणाल्या. "लग्नात अंतरपाट धरला होता, तवाही हे विचारत होते, हे कापड फाडलं का कातरलं."

साऱ्या फराळात एकच गोष्ट मास्तरांना मान्य होती. नारळ खवणं. मालती खवणीवर बसली की ते अदबीनं उभे राहायचे. "हे खरं कापणं. हत्यार कडक, माल नरम, कीस अलग." आमच्या कॉलनीतल्या न्हाव्यालाही त्यांनी असंच विभागून ठेवलं होतं. दाढी करतो ते कापणं, केसांना करतो ते कातरणं. न्हाव्याला दोन्ही मंजूर होतं, फक्त वस्तरा गळ्याशी असताना मास्तरांनी बोलू नये एवढीच त्याची विनंती होती.

प्लांटात रशियन लोक होते. त्यांच्यातला एक जाडजूड टर्नर मास्तरांच्या शॉपमध्ये यंत्रं बसवायला आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मास्तरांनाही बेताचंच येत होतं, दुभाषा नेहमी दुसरीकडे असायचा. तरी दोघं तासन्‌तास एका लेथपाशी उभे राहत. यंत्रातून पोलादाचा कीस निळसर वेटोळी घेत बाहेर पडू लागला की रशियन माणूस बोट दाखवून म्हणायचा, "स्त्रूश्का." मास्तर म्हणायचे, "कीस." एवढ्यावर त्यांची मैत्री वर्षभर टिकली. आमच्या धाकट्या मुलीचे केस कुरळे होते. मास्तर तिला स्त्रूश्का म्हणून हाक मारू लागले, आणि ती शाळेत जाईपर्यंत अर्ध्या गल्लीला तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं.

असा हा माणूस. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची एकुलती एक मुलगी कुसुम. मॅट्रिक झालेली, हसरी, बापाच्या बोलण्याकडे सरावानं दुर्लक्ष करणारी. गिरजाबाईंच्या उतईच्या एका नातेवाइकानं तिला स्थळ आणलं. मुलाचे वडील लांजेवार, चरोद्याला रेल्वेत जमादार. मुलगा माधव, आमच्याच प्लांटात कामाला. जात जुळली, पत्रिका जुळली, मूळ गावं जवळजवळची निघाली. पाहण्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा गिरजाबाईंनी मास्तरांना बजावलं, "तुमी कमी बोलजा."

मास्तर खरोखरच कमी बोलले. पोहे झाले, चहा झाला. कुसुम आत-बाहेर करून गेली. माधव मान खाली घालून बसला होता, पण ती आत वळली की त्याची मान वर यायची. लांजेवार मोठ्या मिशांचे, भारदस्त गृहस्थ. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मास्तरांनी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "कोन्या शॉपमंदी आहा?"

"स्ट्रक्चरल शॉपमंदी," माधव म्हणाला. "गॅस कटिंग करतो. जाड पलेटा कापतो."

मी मास्तरांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांचा श्वास आत गेलेला मला ऐकू आला. गिरजाबाई पडद्याआडून खाकरल्या. काही उपयोग झाला नाही.

"गॅसनं कापत नसतात," मास्तर म्हणाले. "जाळतात."

"हो, तसं पाहिलं तं..." माधव म्हणू लागला.

"तुमी जाळता. कापत नाही. हत्यार कोठी आहे? कीस कोठी आहे?"

लांजेवारांनी कप खाली ठेवला. "काय म्हनता तुमी? माया पोरगा जाळते? तो काय मसनवट्यात कामाले आहे?"

मास्तरांनी त्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, आणि तिथेच सगळं बिघडलं. ते जितकं समजावत तितकं लांजेवारांना वाटे की आपल्या मुलाचं काम हलकं ठरवलं जातंय. शेवटी ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "आमाले इचार करा लागीन." मराठीत याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आठवडाभरानं उतईच्या नातेवाइकाकरवी नकार आला.

गिरजाबाईंनी मास्तरांशी बोलणं सोडलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ताट वाढायच्या, समोर ठेवायच्या आणि परसात जाऊन बसायच्या. भिंतीच्या अलीकडे आम्हाला फक्त मास्तरांचा एकट्याचा आवाज यायचा. "मी काय खोटं बोललो? सांग ना." पलीकडून भांड्याचा आवाज व्हायचा. कुसुमचं हसणं थांबलं होतं. एक दिवस ती मालतीकडे ताक मागायला आली आणि ताकाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. मालतीनं विचारलं, "आवडला होता का गं तुला?"

कुसुम म्हणाली, "काकू, बाबा एवढं बोलले, तरी ते उलटून नाही बोलले. उठून जाताना बाबाच्या पाया पडले."

मालतीनं हे मला जेवताना सांगितलं आणि मी जेवून हात धुवायच्या आत मला मास्तरांकडे पाठवलं. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"पाया पडला होता?" ते म्हणाले. "मी पाहिलंच नाही."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवरून पॅसेंजर धरून चरोद्याला गेलो. गाडीत मास्तर तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होते. मी त्यांना एकच सांगितलं होतं, की माफी मागा आणि थांबा. लांजेवारांनी दारात स्वागत केलं, पण हसले नाहीत. खाट टाकली. चहा आला.

"लांजेवार साहेब," मास्तर म्हणाले, "माया बोलण्यानं तुमाले वाईट वाटलं, त्याची मी माफी मागतो. पन..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"पन काय?" लांजेवार म्हणाले.

मास्तर हातातला कप फिरवत राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. समोर मुलीचं सुख होतं आणि त्यांना फक्त एक शब्द बोलायचा होता, पण तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. बेइमानी वाटत असावी. तेवढ्यात माधव आतून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"काकाजी," तो म्हणाला, "तुमी कधी जवळून पाहिलं का गॅस कटिंग?"

"दुरून पाहिलं."

"मंग उद्या जेवणाच्या सुट्टीत या. पाहा आन् मंग सांगा. तुमी जे म्हनान ते मले मंजूर."

लांजेवार मुलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जा बाप्पा. पाहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्ट्रक्चरल शॉपमध्ये गेलो. माझं तिथं गॅसच्या सिलिंडरांचं काम होतंच. एक जाड पोलादी पत्रा तिवईसारख्या लोखंडी घोड्यांवर आडवा ठेवलेला होता. माधवनं मास्तरांना निळ्या काचांचा चष्मा दिला, स्वतः घातला आणि ज्योत पेटवली. आधी त्यानं पत्र्याच्या कडेचा एक बिंदू नुसता तापवला. तो लाल झाला, मग उजळ पिवळा. मग त्यानं ऑक्सिजनची दांडी दाबली, फुस्स आवाज झाला, आणि पत्र्याच्या खालून ठिणग्यांचा लोट सुटला. माधवचा हात एका रेषेत सरकत होता. न घाई, न थरकाप. मास्तर आधी उभे होते, मग वाकले, मग सरळ उकिडवे बसले आणि पत्र्याच्या खालून वर पाहू लागले. इतर कामगार हातातले डबे विसरून त्यांच्याकडे पाहत होते.

तुकडा वेगळा होऊन खाली पडला. माधवनं ज्योत विझवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ऑक्सिजननं काय होते?" मास्तरांनी विचारलं.

"तापलेलं लोखंड ऑक्सिजनमंदी जळते, काकाजी. आन् जळलेलं खाली वाहून जाते."

"मंजे जळते."

"जळते," माधव म्हणाला. "त्या दिवशीही मी हेच सांगाले जात होतो. तुमी खोटं नव्हते बोलले."

मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांची सगळी तयारी वादाची होती. ते उठले. पत्रा थंड होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. जमिनीवर जळून वाहिलेल्या लोखंडाच्या काळ्या मळीचे गोळे पडले होते, त्यातला एक उचलून तळहातावर घेतला.

"सरळ आहे," ते म्हणाले. मग तो गोळा अंगठ्यानं चोळत म्हणाले, "मधलं लोखंड गेलं, हे खरं आहे. दोन तुकडे जोडले तं पुन्हा तेवढं भरनार नाही. जेवढी रेघ तेवढं कमी. हत्यार नाही, पन नको ते गेलं आन् पाहिजे ते उरलं." त्यांनी तो मळीचा गोळा खिशात टाकला. "जाळून का होईना, तुमी कापता."

"जी, मामाजी," माधव म्हणाला.

'काकाजी'चं, सासऱ्याला म्हणतात ते 'मामाजी' कधी झालं, ते मास्तरांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. माझ्या आलं. मागे कुणीतरी डबा वाजवला.

संध्याकाळी मास्तर एकटेच सायकलनं चरोद्याला गेले आणि लांजेवारांना म्हणाले, "तुमचा पोरगा कापते." लांजेवारांनी त्यांना बसवलं आणि सांगितलं, "तो कापते का जाळते, मले त्याच्यातलं काई समजत नाही. तुमची पोरगी आमाले पयल्याच दिवशी पसंत होती. मी फक्त वाट पाहून राहिलो होतो, का तुमी कवा थांबता." हे मास्तरांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसत होते. गिरजाबाईंनी त्या दिवशी ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या.

लग्न सेक्टरातल्या मैदानावर मांडव घालून झालं. मास्तरांनी कुणालाही काही समजावलं नाही. निरोपाच्या वेळी सगळ्या बायका रडल्या, मीही चष्मा पुसला. मास्तर मात्र बसच्या टपावर चढून सामान बांधत होते. दोरी नीट बसली नाही म्हणून त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली, मग पुन्हा सोडली. शेवटी ड्रायव्हरनं त्यांना खाली उतरवलं.

मग घर शांत झालं. मास्तर ड्युटीवर जात, परत येत, अंगणात खुर्ची टाकून बसत. मालतीला करमेना. एक दिवस तिनं कुंपणाजवळ विळी घेऊन मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "मास्तर, मी भाजी कापतेय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "कापा," ते म्हणाले.

मालती विळी घेऊन आत आली आणि मला म्हणाली, "त्यांना बरं नाहीये का हो?"

पुढे दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, आमच्या स्टोअरची एक वॅगन चरोद्याच्या यार्डात अडकली म्हणून मला सुट्टी सोडून जावं लागलं. स्टेशनवरून रेल्वे कॉलनीच्या कडेनं चाललो होतो. रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली एक चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर कापगते मास्तर बसले होते. सायकल झाडाला टेकवलेली.

"मास्तर, तुम्ही इकडे?"

"काई नाही. हवा खाले आलो."

चरोद्याला हवा खायला आलेला माणूस मी तो पहिलाच पाहिला. यार्डातल्या इंजिनांच्या धुरानं कडुनिंबाची पानंसुद्धा काळी पडली होती. मी बाजूला बसलो. टपरीवाल्यानं मास्तरांपुढे न विचारता चहाचा ग्लास ठेवला. साखर कमी, जशी ते घरी घेतात. मग मास्तरांची नजर कुठे आहे ते मी पाहिलं. समोर क्वार्टरांची ओळ होती. एका अंगणाचं फाटक उघडं होतं आणि आत कुसुम एक निळं लुगडं दोरीवर पसरत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. तिनं लुगडं झटकलं, टोकं जुळवली, सुरकुत्या हातानं काढल्या.

मास्तर चहा विसरले होते.

"जात का नाही आत?" मी हळूच विचारलं.

"रीतीनं जातो ना, सणावाराले," ते म्हणाले. "दर रयवारी कसं जाव? लोक म्हनतीन, बापाले करमत नाही. पोरीले सासरी कमीपना येते." मग ग्लास उचलून म्हणाले, "तिले मालूम नाही मी येतो ते. तुमी सांगजा नोका. घरी बी नोका सांगू. मी हिले यूनियनची मीटिंग म्हनून सांगतो."

कुसुम आत गेली. मास्तरांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला, सायकल काढली आणि भिलाईच्या रस्त्याला लागले. वळणापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

माझी वाट त्या फाटकावरूनच होती. मी पोचलो तेव्हा कुसुम पुन्हा अंगणात आली होती.

"काका, या ना आत. चहा ठेवते."

"नको गं, आताच झाला." मी दोरीपाशी थांबलो होतो. लुगड्याला सहज हात लागला. ते ठणठणीत कोरडं होतं, घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. कुसुमनं माझा हात पाहिला.

"बाबा गेले का?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "गेले."

तिनं दोरीवरून लुगडं काढलं, त्याच रेघांवर घडी घातली आणि छातीशी धरलं. "धुनं तं मी सकाळीच वाळवून घेते," ती म्हणाली. "त्यायले माहीत नाही मले माहीत आहे ते. तुमी सांगू नोका, काका. मंग ते येनार नाहीत."

मी यार्डात जाऊन माझी वॅगन शोधली. घरी मालतीला काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, कुणीही बाहेर कपडे वाळत घातले नव्हते. मी दारात पेपर वाचत होतो. मास्तर सायकल बाहेर काढताना दिसले. "मीटिंग आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी मान हलवली. पाऊस येणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तरीही तिकडे चरोद्याला दोरीवर लुगडं पडलेलं असणार याची मला खात्री होती.